पाण्याची हजेरी

वर्गात गेल्यावर माझं पहिलं काम हजेरीचं. उर्दू माध्यमाची मुलं 'हाजिर' म्हणतात, मराठीच्या तासाला मी 'उपस्थित' म्हणायला लावते. नाव घेतलं आणि उत्तर आलं नाही की शेजारचं मूल कारण सांगतं. "मॅडम, वो नानी के घर गया." "मॅडम, उनके घर शादी है." पावसाळा लागला की एक कारण वारंवार कानावर येतं, "मॅडम, उसका पेट चालू है." मी 'गै' लिहिते आणि पुढच्या नावाकडे वळते. इतक्या वर्षांच्या नोकरीत पोटाच्या कारणाने असे किती 'गै' लिहिले, ते मी कधी मोजलं नाही. हा लेख त्या न मोजण्याबद्दल आहे.

काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका गावी शिकवत होते. गावाचं आणि शाळेचं नाव मुद्दाम देत नाही, कारण ते कुठलंही गाव असू शकतं. जुलै महिना होता. पटावर ४१ मुलं आणि त्या आठवड्यात रोज आठ-नऊ गैरहजर. मी वैतागले, मुलांना रागावले, पालकांना निरोप धाडले. चौथ्या दिवशी नजर नावांवर थांबली. नऊपैकी सहा मुलं एकाच गल्लीतली होती. बीएडला असताना गैरहजेरीची कारणं आम्ही तोंडपाठ केली होती : गरिबी, पालकांची अनास्था, बालमजुरी, स्थलांतर. माझ्या आठवणीत त्या यादीत पाणी नव्हतं.

त्या गल्लीचं पुढे काय झालं ते शेवटी सांगते. आधी दोन डॉक्टरांबद्दल सांगायचं आहे. मला चार दिवस उशिरा जे सुचलं, ते त्यांनी फार मोठं करून दाखवलं. त्यांतली एक आहे सातासमुद्रापार आणि दुसरा आमच्याच भोकरदन तालुक्यातला.

अमेरिकेत मिशिगन राज्यात फ्लिंट नावाचं शहर आहे. २०१४ च्या सुमारास लोकसंख्या लाखाच्या आसपास होती, त्यात कृष्णवर्णीय निम्म्याहून अधिक. एके काळी मोटारींच्या कारखान्यांवर पोसलेलं हे शहर कारखाने गेल्यावर गरीब होत गेलं. तिजोरीत खडखडाट झाला तेव्हा राज्य सरकारने तिथे आपला प्रशासक बसवला. पैसे वाचवायचे म्हणून एप्रिल २०१४ मध्ये शहराचं पाणी बदललं. आधी डेट्रॉइटहून शुद्ध केलेलं तळ्याचं पाणी यायचं, ते बंद करून गावच्या फ्लिंट नदीचं पाणी नळाला सोडलं. जुने नळ शिशाचे होते. आधीच्या पाण्यात फॉस्फेट मिसळलेलं असे, त्याने नळाला आतून एक पातळ थर चढायचा आणि शिसं पाण्यात उतरत नसे. नव्या पाण्यात ते मिसळलंच नाही. नदीचं पाणी नळ खात गेलं आणि नळाचं शिसं मुलांच्या पेल्यात येत गेलं.

लोक ओरडत होते. पाणी तांबूस येतं, वास येतो, अंगावर पुरळ उठतं. बाया बाटल्यांत पाणी भरून सभांना घेऊन जात होत्या. अधिकारी म्हणत होते, पाणी नियमात बसतं. ऑक्टोबर २०१४ मध्ये जनरल मोटर्सने आपल्या इंजिनच्या कारखान्यासाठी ते पाणी घेणं थांबवलं, कारण त्याने सुटे भाग गंजत होते. लोखंडाची तक्रार सहा महिन्यांत ऐकली गेली. मुलांसाठी पाणी बदलायला त्यापुढे आणखी एक वर्ष लागलं.

हे वर्ष ज्यांच्यामुळे तिथेच संपलं, त्यांत डॉ. मोना हॅना-अटिशा यांचं नाव घ्यावं लागतं. त्या फ्लिंटच्या हर्ली रुग्णालयातल्या बालरोगतज्ज्ञ. नाव ऐकून आपल्यातले काही जण लगेच विचारतील, "अपने वाले हैं क्या?" तर नाहीत. त्या इराकी वंशाच्या, खाल्डियन ख्रिस्ती घराण्यातल्या आहेत. हे यासाठी सांगितलं की कौतुक करण्याआधी जात-धर्म विचारायची आपली सवय या गोष्टीत काही कामाची नाही. ज्या मुलांसाठी त्या लढल्या, तीही त्यांची 'अपनी' नव्हती.

ऑगस्ट २०१५ पर्यंत त्या स्वतः आयांना सांगत होत्या की नळाचं पाणी चालेल. सरकार चांगलं म्हणतंय, तर चांगलंच असणार. मग पाण्याच्या क्षेत्रात काम केलेल्या एका जुन्या शाळासोबतिणीने त्यांना सांगितलं की या पाण्यावर ती प्रक्रिया होतच नाहीये, शिसं उतरत असणार. डॉक्टरीणबाईंची झोप उडाली. त्यांनी केलं काय? नवं यंत्र आणलं नाही, मोठा निधी मागितला नाही. मुलांच्या रक्तातलं शिसं तपासण्याची पद्धत तिथे आधीपासून होती, त्याच्या नोंदी रुग्णालयात पडून होत्या. त्यांनी पाणी बदलण्याच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदी शेजारी-शेजारी ठेवल्या. पाच वर्षांखालच्या मुलांत शिशाचं प्रमाण जास्त असलेली मुलं शेकडा २.४ होती, ती ४.९ झाली. ज्या वस्त्यांच्या पाण्यात शिसं सर्वाधिक होतं, तिथे हे प्रमाण ४ वरून १०.६ वर गेलं.

२४ सप्टेंबर २०१५ रोजी त्यांनी हे पत्रकारांपुढे मांडलं. राज्य सरकारच्या प्रवक्त्यांनी त्यांनाच खोटं ठरवलं : आकडे आमच्या आकड्यांशी जुळत नाहीत, बाई उगाच घबराट पसरवताहेत. आपलंच काही चुकलं असेल का, या शंकेने त्या किती हादरल्या होत्या हे त्यांनी पुढे आपल्या पुस्तकात लिहिलं आहे. खरी गोष्ट अशी की राज्याच्या आरोग्य खात्यातही ही वाढ त्याच वर्षी जुलैमध्ये एका कर्मचारी बाईंच्या लक्षात आली होती. कागद होता, तो कपाटात राहिला. डॉक्टरीणबाई मात्र मागे हटल्या नाहीत. आठवड्याभरात सरकारला आकडे मान्य करावे लागले आणि १६ ऑक्टोबरला शहराचं पाणी पुन्हा डेट्रॉइटला जोडलं गेलं.

या गोष्टीतली शिकण्यासारखी बाब मला एकच वाटते. पाण्याची नोंद एका खात्यात होती आणि मुलांची दुसऱ्या. दोन्ही वह्या एकमेकींना कधी भेटल्या नव्हत्या. त्या बाईंनी त्यांची गाठ घालून दिली.

आता आमच्या तालुक्यात येते. भोकरदनजवळच्या देहेड गावात १९५१ साली एका गरीब शेतकऱ्याच्या घरी हिंमतराव बावस्कर जन्मले. हालअपेष्टा सोसत शिकले, नागपूरला डॉक्टर झाले. लहानपणच्या त्या दिवसांबद्दल 'बॅरिस्टरचं कार्टं' या आत्मचरित्रात त्यांनीच लिहिलं आहे. १९७६ मध्ये ते रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचू फार आणि त्याच्या दंशाने माणसं मरत, त्यात लहान मुलं अधिक. हे असंच चालायचं, असं सगळे धरून चालले होते. बावस्करांनी धरलं नाही. ते रुग्णाच्या खाटेपाशी रात्र-रात्र बसून लिहीत राहिले : दंश कधी झाला, घाम कधी सुटला, नाडी किती, रक्तदाब किती, फुप्फुसात पाणी कधी भरलं, जीव कधी गेला. त्या नोंदींतून त्यांना कळलं की विंचवाचं विष हृदयावर जातं. मग रक्तदाबासाठीचं प्राझोसिन नावाचं औषध त्यांनी वापरून पाहिलं. दंश झालेल्या गंभीर रुग्णांतलं मृत्यूचं प्रमाण शेकडा चाळीसच्या घरातून एकापर्यंत खाली आलं. तालुक्याच्या गावच्या या डॉक्टरचं लिखाण 'लॅन्सेट'ने छापलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

विंचवाचा पाण्याशी काय संबंध, असं वाचक विचारतील. संबंध त्या वहीचा आहे. तीच वही घेऊन ते पुढे पाण्यापर्यंत पोहोचले. एका लहानशा गावात मूत्रपिंड निकामी झालेले रुग्ण जास्त का, हे शोधताना त्यांनी पिण्याचं पाणी तपासलं आणि त्यातल्या शिसं व कॅडमियम या जड धातूंकडे बोट दाखवलं. २०१० मध्ये 'क्लिनिकल टॉक्सिकॉलॉजी' या नियतकालिकात तो अहवाल आला. विहिरीचं पाणी नितळ दिसतं, चवीला गोड लागतं आणि तरी वर्षानुवर्षं माणूस आतून पोखरला जातो, हे सांगायला कुणीतरी रुग्ण मोजावे लागतात.

आणि मोजणारा माणूस आधीच निकाल ठरवून बसत नाही, हेही त्यांच्याकडूनच शिकावं. डिसेंबर २०२४ अखेरीपासून शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या गावांत माणसांचे केस मुळापासून हातात येऊ लागले. तीन-चार दिवसांत टक्कल. त्यात शाळा-कॉलेजच्या मुलीही होत्या. ओढणी डोक्यावरून सरकू नये म्हणून दिवसभर एका हाताने धरून बसणारी मुलगी वर्गात काय शिकत असेल, हे शिक्षिकेला वेगळं सांगावं लागत नाही. पहिला संशय पाण्यावरच गेला. पाण्यात नायट्रेट आणि क्षार जास्त सापडले होते. बावस्कर तिथे गेले, रक्त, लघवी, केस आणि गव्हाचे नमुने घेऊन स्वतःच्या खर्चाने तपासून आणले. रुग्णांच्या शरीरात सेलेनियम हा घटक कितीतरी पटींनी वाढलेला निघाला आणि त्यांनी रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं. म्हणजे नोंद पाण्याला दोषी ठरवू शकते, तशी पाण्यावरचा आळ दूरही करू शकते. ज्यांना वाटतं की असली मोजदाद फक्त सरकारला बदनाम करायला असते, त्यांनी एवढं ध्यानात घ्यावं.

पाण्यावरचा आळ मात्र आपल्याकडे बहुतेक वेळा खराच निघतो. जुलै २०२२ मध्ये मेळघाटातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत पटकीची साथ आली, माणसं दगावली. वीजबिल थकलं म्हणून पाणीयोजनेची वीज तोडलेली होती आणि लोक उघड्या विहिरीचं पाणी पीत होते. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत गुलेन बॅरेचे रुग्ण दिसू लागले, संख्या दोनशेच्या वर गेली. हातापायातली शक्ती जाते असा हा आजार. बऱ्याच रुग्णांच्या तपासणीत जो जंतू सापडला, तो दूषित पाण्या-अन्नातून पोटात जाणारा. फ्लिंट, पाचडोंगरी, पुणे, तिन्ही ठिकाणं एकमेकांपासून किती दूर! कुठे पैसा वाचवायला गेले, कुठे बिल थकलं, कुठे शहर वाढलं आणि पाण्याची व्यवस्था मागे राहिली. बिघाड कागदावर झाला, भोगलं शरीराने.

मुलांचं शरीर तर आणखी कच्चं. शिसं पोटात गेलं तर लहान मूल ते मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शोषून घेतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते मेंदूवर जातं. लक्ष लागत नाही, पाठांतर होत नाही, मूल चिडचिडं होतं. एकदा झालेलं नुकसान भरून येत नाही. हे वाचलं तेव्हा मला माझे जुने वर्ग आठवले. ज्यांना आम्ही 'ढ' म्हणून मागच्या बाकावर बसवलं, त्यातल्या एखाद्याच्या रक्तात काय होतं, कुणी पाहिलं? नायट्रेटचं दुखणं वेगळं. शेतातल्या युरियाचं आणि संडासाच्या खड्ड्याचं पाणी झिरपून विहिरी-बोअरमध्ये उतरतं. एका लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या वर नायट्रेट असलेलं पाणी पिण्यालायक धरत नाहीत. वरच्या दुधावरच्या तान्ह्या बाळाला असं पाणी पाजलं तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते, बाळ निळं पडतं.

आणखी एक गैरसमज घरोघरी आहे. माझी अम्मी पाण्यात तुरटी फिरवायची, गाळ खाली बसला की म्हणायची, "देखो, कैसा साफ हो गया." तुरटीने पाणी नितळ होतं, जंतू मरतातच असं नाही. उकळल्याने जंतू मरतात, पण शिसं आणि नायट्रेट जात नाहीत, उलट पाणी आटलं की त्यांचं प्रमाण वाढतं. म्हणून आधी पाण्यात काय आहे ते कळायला हवं, उपाय त्यानंतर.

कळण्याची सोय अजिबात नाही, असंही नाही. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासायचं प्रशिक्षण आणि तपासणीची पेटी द्यायची तरतूद आहे. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक ब्लीचिंग पावडर टाकतो, त्याने ओटी टेस्ट करून वहीत लिहायचं असतं. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत. ग्रामपंचायतींना लाल, पिवळं, हिरवं कार्ड मिळतं. म्हणजे पाण्याची वही आहे. आरोग्य केंद्रात बाह्यरुग्णांची वही आहे, त्यात जुलाब-उलटीचे रुग्ण लिहिलेले असतात. आणि शाळेत माझा हजेरीपट आहे. तीन वह्या, तीन कपाटं, तीन खाती. फ्लिंटसारखीच यांचीही एकमेकींशी गाठ पडत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की त्यांची महिन्यातून एकदा गाठ घालून द्यावी. हजेरीपटात 'गै' लिहिताना पोटाचं कारण असेल तर पेन्सिलीने एक टिंब द्यावं. महिनाअखेरीस टिंबं मोजावीत, कुठल्या गल्लीची ते पाहावं आणि तो आकडा आरोग्य केंद्राला आणि ग्रामपंचायतीला लेखी द्यावा. पाण्याच्या तपासणीचा कागद शाळेच्या फलकावर लागावा, शाळेच्या टाकीचासुद्धा. सहकारी शिक्षक म्हणतील, निवडणूक, जनगणना, पोषण आहार, ऑनलाइन माहिती, त्यात हे आणखी एक! कबूल आहे. मीही रोज तेच म्हणते. पण बाकीची माहिती वरचे मागतात म्हणून आम्ही भरतो. ही माहिती समोर बसलेल्या मुलांसाठी आहे. कुणी म्हणेल, शिक्षकाने डॉक्टर होऊ नये. होऊच नये. आजार कोणता हे डॉक्टरने सांगावं. गल्ली कोणती हे आम्ही सांगू शकतो.

आपल्या समाजालाही एक प्रश्न. पाणी पाजणं हा सवाब, हे आपल्या रक्तात आहे. मरहूम वडिलांच्या नावाने कुणी वॉटर कूलर बसवतं, कुणी बोअर मारून देतं, मोहरममध्ये सबील लागते. वर नावाची पाटी असते, आत टाकी किती दिवसांत धुतली याची पाटी नसते. वुजूच्या पाण्याच्या पाकीबद्दल आपण इतके मसले विचारतो, मग ज्या बोअरचं पाणी शेजारचं मूल पितं, त्याची तपासणी करून घेणं सवाबात धरायचं की नाही? ज्याने कूलर दिला त्याने वर्षातून दोनदा तपासणीचा खर्चही द्यावा. कूलरच्या किमतीपुढे तो काहीच नाही. हेच मी मंदिरापुढच्या पाणपोईबद्दलही म्हणेन, कारण तहान लागल्यावर पोरं पाटी वाचून पाणी पीत नाहीत.

आता त्या गल्लीचं. शाळा सुटल्यावर मी तिकडे गेले. सहा घरांत नळ एकच, सार्वजनिक. त्याची नळी गटारातून आलेली, जोडाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलेला. पाणी येऊन गेलं की नळी रिकामी होते आणि रिकामी नळी बाहेरचं आत ओढते, हे मला तिथल्याच एका प्लंबरने समजावलं. ओळखीच्या एका आरोग्यसेविकेने जंतू तपासायची बाटली दिली. तिच्यात पाणी भरून एक-दोन दिवस ठेवलं आणि काळं पडलं, तर ते पिण्यालायक नाही. आमची बाटली दुसऱ्या दिवशी काजळासारखी काळी झाली.

ती बाटली आणि हजेरीपटाची झेरॉक्स घेऊन मी एका कार्यालयात गेले. साहेब म्हणाले, "मॅडम, तुमचं काम शिकवायचं. हे लोक स्वच्छता पाळत नाहीत, त्याला आम्ही काय करणार?" 'हे लोक' म्हणजे कोण, ते दोघांनाही कळत होतं. मी वाद घातला नाही, कागदावर पोचेची सही मागितली. द्यायला त्यांना अर्धा तास लागला. माझ्याच एका हितचिंतकाने संध्याकाळी घरी येऊन सांगितलं, "बाजी, कशाला लफड्यात पडता, बदली होईल."

बदली झाली नाही. जोड दुरुस्त व्हायला तीन आठवडे लागले. तोवर त्या गल्लीतल्या आयांना मी पाणी उकळायला सांगत होते आणि त्या मला गॅसचा भाव सांगत होत्या. ऑगस्टमध्ये सहाही मुलं वर्गात होती. त्यांतला एक मात्र आधी पहिल्या पाचांत असायचा, तो सहामाहीला गणितात नापास झाला. महिनाभराचा अभ्यास बुडाला होता. त्याच्या प्रगतिपुस्तकावर मी शेरा लिहिला होता, 'नियमित हजर राहावे.' तो शेरा मी अजून विसरले नाही. तो त्याच्यासाठी लिहायचा नव्हता.

यंदाच्या हजेरीपटात मी पेन्सिलीची टिंबं द्यायला सुरुवात केली आहे. जूनमध्ये चार होती. जुलैची मोजणी अजून व्हायची आहे.